विमानतळावरचा बंब



गावात कडब्याची गंजी पेटली म्हणजे काय होते, हे तुम्ही सर्वांनी पाहिलेले आहे. कोणीतरी ओरडते. माणसे घागरी, बादल्या घेऊन धावतात. कोणी तालुक्याला फोन करतो. बंब निघतो. रस्त्यात खड्डे असतात, मध्येच रेल्वेचे फाटक लागते. बंब पोचतो तेव्हा गंजीची राख झालेली असते, आणि बंबवाले बिचारे राखेवर पाणी मारून परत जातात. त्यांचा दोष नसतो. अंतरच तेवढे असते.

आज आपण ज्या बंबाविषयी बोलणार आहोत त्याला बोलावणे पाठवावे लागत नाही. आग लागायच्या आधीच तो तिथे येऊन उभा असतो. हा विमानतळावरचा बंब.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, विमानाशी आमचा काय संबंध?" तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणी असे म्हटले असते तर आम्ही गप्प बसलो असतो. आता तसे राहिले नाही. आपल्याच वस्तीतली पोरे दुबईला, मस्कतला कामाला जातात. काहींच्या म्हाताऱ्या आया हजला जाऊन आल्या. शिवाय पुष्कळ शहरांत विमानतळाच्या कुंपणाला लागूनच गोरगरिबांची घरे आहेत. तेव्हा हा विषय आपला आहे.

आधी विमानातल्या जळणाचे पाहू. पुष्कळांना वाटते, विमानात पेट्रोल घालतात. मोठ्या विमानांत पेट्रोल नसते. त्यांत जे इंधन असते ते आपल्या ओळखीच्या रॉकेलचा सख्खा भाऊच म्हणा, फक्त जास्त शुद्ध केलेला. आपल्या देशात पुष्कळ दिसणारे बोइंग ७३७-८०० जातीचे विमान घ्या. त्याच्या टाक्या गच्च भरल्या तर सुमारे २६ हजार लिटर इंधन मावते. आणि टाक्या असतात कुठे? पंखांत नि पोटात. म्हणजे माणसे बसतात त्यांच्या पायाखाली आणि दोन्ही अंगांना. विमान आपटले, टाकी फुटली आणि ठिणगी पडली, तर बाहेर रॉकेलचे तळे पेटते. पुष्कळशा विमानांचे अंग ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे असते. असल्या आगीपुढे तो पत्रा मिनिट-दीड मिनिटच टिकतो. मग आग आत शिरते.

म्हणून इथे तालुक्याहून बंब मागवून भागत नाही. जगातल्या देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना स्थापन केली आहे. तिचा नियम असा आहे की, इशारा मिळाल्यापासून तीन मिनिटांच्या आत बंब धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला पोचला पाहिजे, आणि नुसता पोचून चालत नाही, फवारा सुरू झाला पाहिजे. दोन मिनिटांत जमले तर उत्तम, असेही ती संघटना सांगते. तीन मिनिटे म्हणजे किती? चुलीवर चहाचे आधण ठेवले तर तेवढ्यात त्याला उकळीसुद्धा फुटत नाही. आणि धावपट्टी मोठ्या विमानतळावर तीन-तीन किलोमीटर लांब असते.

ही गाडी साध्या बंबासारखी नसते. तिला तिथले लोक 'टेंडर' म्हणतात. मोठ्या टेंडरात दहा-बारा हजार लिटर पाणी मावते. भरल्यावर काहींचे वजन तीस टनांच्या वर जाते. एवढे धूड चाळीस सेकंदांत ताशी ८० किलोमीटरच्या वेगाला यावे आणि पुढे ताशी १०० किलोमीटरने धावावे, अशी अट असते. डांबरावरून उतरून गवतात, चिखलातही तिला जाता आले पाहिजे, कारण घसरलेले विमान रस्ता बघून थांबत नाही. आणखी एक गोष्ट. गावचा बंब आधी थांबतो, मग नळ्या सोडतो, मग पाणी सुरू होते. ही गाडी चालता चालताच फवारा मारते. टपावर तोफेसारखी एक नळी बसवलेली असते. आतला माणूस जागेवरून न उठता ती फिरवतो.

त्या नळीतून निघतो तो फेस असतो. पाणीच का नको? याचे उत्तर आमच्या भगिनी आमच्यापेक्षा चांगले देतील. कढईतले तेल पेटले तर त्यात पाणी ओततात का? कधीच नाही. पाणी ओतले की भडका उडतो, तेल चौफेर सांडते. शहाणी बाई कढईवर झाकण ठेवते. फेस हे त्या पेटलेल्या तळ्यावरचे झाकण. पाण्यात औषध मिसळून तो करतात. तो तेलावर तरंगतो, हवा तोडतो आणि खालचे तेल थंडही करतो. किती पाणी बाळगायचे तेही विमानाच्या आकारावर ठरते. त्यासाठी विमानतळांचे एक ते दहा असे वर्ग आहेत. वर सांगितलेले ७३७-८०० विमान सातव्या वर्गात येते. त्याच्यासाठी नेहमीच्या वापरातला फेस असेल तर १२,१०० लिटर पाणी आणि दोन बंब तरी हवेत. दोन मजली ए-३८० हे प्रवासी विमानांतले सर्वांत मोठे. ते दहाव्या वर्गात येते. त्याला ३२,३०० लिटर पाणी आणि तीन बंब लागतात.

जुन्या फेसातली काही रसायने माती-पाण्यात शिरली की वर्षानुवर्षे नाश पावत नाहीत, असे दिसून आले आहे. त्यामुळे ती नसलेला फेस आता हळूहळू वापरात येत आहे. असो.

आता मुख्य मुद्दा. या लोकांचे पहिले काम विमान वाचवण्याचे नाही. जळते तर जळो ते विमान. त्यांचे पहिले काम म्हणजे माणसे बाहेर येईपर्यंत दारापुढची वाट मोकळी ठेवणे. आग विझेल की नाही, हे नंतरचे. ती दारापासून चार-पाच मिनिटे लांब राहिली पाहिजे. बाकीचे काम विमानातले कर्मचारी आणि प्रवासी यांनी करायचे असते.

आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा अशा दलात आहे. शाळेत तो गणिताच्या तासाला हमखास आजारी पडायचा. आता पाण्याचे, फेसाचे, दाबाचे हिशेब तोंडी करतो. एकदा भेटायला आला होता. आम्ही विचारले, "बाबा रे, आजवर किती विमानांच्या आगी विझवल्यास?" तो म्हणाला, "एकही नाही, सर." मग हसून म्हणाला, "गावाकडचे लोक म्हणतात, तुला बसून पगार मिळतो."

बसून म्हणजे कसा, ते त्याने सांगितले. कामावर येताच आधी गाडी तपासायची. पाण्याची टाकी, फेसाची टाकी, टायर, दिवे, पंप. पंप रोज चालवून पाहायचा. जाड विजार बुटांवर गुंडाळून ठेवलेली असते, म्हणजे पाय बुटात घातले की विजार वर ओढली, झाले. भोंगा वाजला की जेवणाचे ताट तसेच राहते. सराव तर सारखाच चालू. लोखंडाचे खोटे विमान असते, त्याला खरी आग लावतात आणि विझवतात. प्रत्येक जातीच्या विमानाची दारे कुठे आहेत आणि ती बाहेरून कशी उघडतात, हे पाठ करावे लागते.

पण रोजची कामे लहान असतात. कुठे इंधन सांडलेले असते. कुठे उतरलेल्या विमानाची चाके ब्रेकमुळे लालबुंद तापलेली असतात. अशा चाकाजवळ जायचे तर पुढून किंवा मागून जायचे, बाजूने कधीही नाही. ते फुटले तर तुकडे बाजूला उडतात. कधी एखादा प्रवासी छातीत कळ येऊन पडतो, तिथे विमानतळावरचे डॉक्टर आणि रुग्णवाहिका धावते. हृदय थांबले असेल तर छातीवर दाब देत राहावे लागते, आणि तिथेही मिनिटेच मोजायची असतात. आम्हांला विचाराल तर, पगार बसून मिळतो हे म्हणणाऱ्याने एक दिवस भोंग्याकडे कान लावून जेवून बघावे.

दारे पाठ करण्याचे एवढे महत्त्व का? १९ ऑगस्ट १९८० रोजी सौदी अरेबियात रियाधच्या विमानतळावर जे घडले ते ऐका. एक मोठे विमान रियाधहून जेद्दाला निघाले. आत ३०१ माणसे. थोड्याच वेळात मागच्या बाजूला, सामानाच्या कोठारात आग असल्याचे कळले. विमान मागे फिरले आणि सुखरूप उतरले. ऐकताय ना? सुखरूप उतरले. आपटले नाही, मोडले नाही. पण ते लगेच थांबले नाही. धावपट्टीवरून पुढे जाऊन बाजूच्या रस्त्याला लागले, आणि टेकल्यापासून अडीच मिनिटांहून जास्त वेळाने उभे राहिले. त्यानंतरही तीन मिनिटे त्याची इंजिने चालूच होती. चालत्या इंजिनाजवळ माणसाने जावे कसे? आतून एकही दार उघडले नाही. बाहेर बंब उभे, माणसे उभी, पण दार बाहेरून कसे उघडावे याचे पुरेसे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. इंजिने बंद झाल्यावर दार उघडायला २३ मिनिटे लागली. तोवर आतले सगळे संपले होते. ३०१ पैकी एकही वाचला नाही. चौकशी झाली तेव्हा तिथल्या अग्निशमन दलाला शिक्षण आणि साधने कमी पडली, हेही नोंदले गेले. बंब वेळेवर येऊन उपयोग काय, दार उघडता येत नसेल तर?

आता दुसरी हकीकत. ३ ऑगस्ट २०१६. केरळातल्या तिरुवनंतपुरमहून दुबईला एक विमान गेले. आत ३०० माणसे होती, त्यांतली निम्म्याहून अधिक आपल्या देशाची. उतरता उतरता वैमानिकाने विमान पुन्हा वर न्यायचे ठरवले. पण ते वर गेले नाही. धावपट्टीवर पोट घासत घसरत गेले, एक इंजिन निखळले, आग लागली. बंब आले, फवारे सुरू झाले. घसरगुंड्या सुटल्या, पण वाऱ्याने त्यांतल्या काही नीट टेकेनात. तरी माणसे उतरली. विमान थांबल्यानंतर सुमारे नऊ मिनिटांनी पोटातल्या इंधनाच्या टाकीचा स्फोट झाला. तेव्हा आत फक्त दोघे होते. विमानाचा कप्तान आणि एक कर्मचारी, कोणी मागे राहिले का ते शोधत होते. तेही उडी मारून वाचले. ३०० पैकी ३०० वाचले.

पण बाहेर एक गेला. जासिम इसा मोहम्मद अल बलूशी हा तिथला अग्निशमन जवान. स्फोटाने पंखाचा पत्रा उडाला, तो त्याला लागला. वाचलेल्यांपैकी किती जणांना त्याचे नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

१४ एप्रिल म्हटले की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते. तोच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन जवान मेले. आग विझवायला गेलेला माणूस परत येतोच असे नाही, हे मुंबईकरांना ठाऊक आहे.

दुबईच्या त्या विमानातली एक चित्रफीत पुढे सगळीकडे फिरली. आत धूर भरतो आहे, विमानातल्या बाया ओरडून सांगताहेत, बाहेर पडा, सामान टाका! आणि लोक डोक्यावरचे कप्पे उघडून पिशव्या काढताहेत. आम्ही त्या लोकांना नावे ठेवणार नाही. त्या पिशवीत पासपोर्ट असतो, कामाचे कागद असतात, घरच्यांनी दिलेला डबा असतो. गरिबाला पिशवी टाकणे सोपे नाही. पण हिशेब करून बघा. एकाने पिशवी काढायला दहा सेकंद घेतले तर त्याच्या मागे अडलेल्या प्रत्येकाचे दहा सेकंद जातात. पिशवी घसरगुंडीवर अडकते, नाहीतर खालच्या माणसाच्या डोक्यात बसते. म्हणून पासपोर्ट आणि कागद उतरेपर्यंत अंगावर, खिशात ठेवावेत. बाकीचे जाऊ द्यावे.

जलद उतरणे जमते. नवे विमान प्रवाशांसाठी सुरू करण्यापूर्वी, निम्मी दारे बंद ठेवून, अंधारात, सर्व माणसे ९० सेकंदांत बाहेर पडतात की नाही याची परीक्षा घेतात. २००६ साली जर्मनीत हँबुर्गला ए-३८० विमानातून ८७३ माणसे ७८ सेकंदांत उतरली. ती परीक्षा होती, आग नव्हती, हे खरे. मग जपानचे पाहा. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरणारे विमान धावपट्टीवरच्या दुसऱ्या लहान विमानावर आदळले आणि पेटले. लहान विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले. मोठ्यात ३७९ माणसे होती. वापरण्याजोगी दारे तीनच. पण लोकांनी सामान मागे टाकले, सांगितले तसे केले आणि ३७९ च्या ३७९ बाहेर आले. ते विमान पुढे जळून कोळसा झाले.

धुराचेही सांगून ठेवतो. १९८५ साली इंग्लंडात मँचेस्टरला विमान पेटले आणि ५५ माणसे गेली. त्यांतली बहुतेक धुराने गेली, भाजून नव्हे. धूर असेल तर वाकून, तोंडाला कापड लावून चालावे. विमानात जमिनीलगत वाट दाखवणारे दिवे असतात. दार कुठे आहे ते बसल्याबरोबर पाहून ठेवावे, आणि मध्ये खुर्च्यांच्या किती रांगा आहेत ते मोजावे. धुरात दिसत नाही, पण हाताने रांगा मोजता येतात. पुढच्या खुर्चीच्या खिशात एक कार्ड असते. त्यावर चित्रे जास्त नि अक्षरे थोडी. या वर्गात आलेल्या कोणालाही ते वाचता यावे.

आता रुग्णवाहिकेवाल्यांचे. पन्नास-शंभर जखमी एकदम समोर आले तर डॉक्टराने आधी कोणाकडे जावे? जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे, असे आपल्याला वाटते. पण ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, हे उघड आहे. गप्प पडलेल्याचे आधी पाहावे लागते. म्हणून हे लोक प्रत्येकाला रंगीत चिठ्ठी बांधत जातात. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. पिवळी म्हणजे थोडे थांबू शकेल. हिरवी म्हणजे चालता येते. काळी म्हणजे गेला. काळी चिठ्ठी बांधणाऱ्याच्या हातावर केवढे ओझे असेल! ६ जुलै २०१३ रोजी अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोला विमान आपटले. ३०७ पैकी तीन जण दगावले. त्यांत सोळा वर्षांची एक मुलगी होती. ती बाहेर फेकली जाऊन गवतात पडली होती. ती मेली आहे असे पाहणाऱ्यांनी धरले, नीट तपासले नाही. तिच्यावर फेस पडला, ती दिसेनाशी झाली आणि बंब तिच्या अंगावरून गेला. ती तोवर जिवंत होती, असा निर्वाळा तिथल्या शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांनी दिला. शहराच्या वकिलांनी ते मानले नाही. आम्ही त्यात निवाडा करणारे कोण? पण नाडी पाहायला काही सेकंदच लागतात.

इथवर सगळे कुंपणाच्या आतले झाले. तीन मिनिटांचा नियम धावपट्टीपुरता आहे. विमान बाहेर पडले तर? २६ एप्रिल १९९३ ला त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, चिकलठाण्याहून विमान उडाले. धावपट्टीच्या टोकाशी बीडचा रस्ता. रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक. विमान त्याला घासले, पुढे विजेच्या तारांना अडकले आणि दूर शिवारात कोसळले. ११८ पैकी ५५ माणसे गेली. वैमानिकांची चूक झाली, आणि विमानांच्या वेळी रस्त्यावरची रहदारीही थांबवली गेली नाही, असे चौकशीत ठरले.

कालच्यासारखी वाटणारी गोष्ट म्हणजे १२ जून २०२५ ची. अहमदाबादेहून लंडनला निघालेले विमान उडाल्यावर मिनिट व्हायच्या आत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडले. लंडनपर्यंतचे इंधन पोटात. २४२ पैकी एकच वाचला, आणि जमिनीवरचे १९ गेले. अशा जागी बंबवाला कितीही शिकलेला असो, त्याच्या हाती फार थोडे उरते.

पण केरळात करिपूरला वेगळे घडले. ७ ऑगस्ट २०२०, रात्र, मुसळधार पाऊस, त्यात करोनाची साथ. दुबईहून आलेले विमान टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली कोसळले, तुकडे झाले. आत १९० माणसे. कप्तान होते दीपक साठे, मराठी माणूस, पूर्वी हवाई दलात होते. ते आणि त्यांचे सहवैमानिक दोघेही गेले. एकूण २१ दगावले. आग लागली नाही, हे त्या लोकांचे नशीब. आवाज ऐकून आसपासच्या वस्त्यांतले लोक धावले. परदेशातून आलेल्याला शिवायला त्या दिवसांत लोक भीत होते, आठवते ना? तरी त्यांनी जखमींना हातांनी बाहेर काढले, मोटारींत, रिक्षांत घालून दवाखान्यांत पोचवले. रात्री रक्त द्यायला रांगा लागल्या. आणि मग त्यांनी स्वतःला घरात वेगळे कोंडून घेतले.

असे धावणे थोर, पण त्यातही रीत आहे. जखमीची मान आणि पाठ सरळ धरून, चार जणांनी मिळून उचलावे. दोन हात नि दोन पाय धरून उचलू नये. मात्र जवळ आग असेल तर रीत बाजूला ठेवून आधी ओढून काढावे. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. जवळ विडी पेटवू नये, खाली इंधन सांडलेले असते. आणि ज्याला काही करायचे नाही त्याने रस्ता सोडावा. फोन काढून चित्रे घेणाऱ्यांची गर्दी रस्त्यात उभी राहिली तर टेंडरला माणसे तुडवून जाता येत नाही.

फोन करायचा तो बंबासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही आठवले नाहीत तर ११२. "विमान पडले, लवकर या" एवढे सांगून फोन ठेवू नका. गावाचे नाव सांगा. कोणाच्या शिवारात, कोणत्या देवळापाशी की शाळेपाशी, ते सांगा. मोठी गाडी आत यायला कोणता रस्ता धरावा, वाटेत अरुंद पूल आहे का, तेही सांगा. आणि एखाद्या तरण्या पोराला विजेरी देऊन फाट्यावर उभा करा.